‘अनक्वालिफाइड’ म्हणजे अडाणी नव्हे

आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ऑडिटरचा अहवाल वाचला जात होता. त्यात ‘अनक्वालिफाइड ओपिनियन’ आलं आणि मागच्या रांगेतले एक काका ताडकन उठले: “म्हणजे ह्याच्याकडे डिग्रीच नाही?” खरं तर सोसायटीने पेढे वाटायला हवे होते. हिशेबांवर कुठलाही आक्षेप न ठेवता दिलेल्या मताला ऑडिटर तसं म्हणतात. (नव्या अहवालांत ‘अनमॉडिफाइड’ दिसेल, अर्थ तोच.)

गंमत ‘क्वालिफाय’मध्ये आहे. त्याचा एक अर्थ पात्र ठरणं, दुसरा विधानाला ‘पण-परंतु’ची शेपटी जोडणं. शेपटी नसली की ‘ॲन अनक्वालिफाइड सक्सेस’, आपल्या भाषेत निर्भेळ यश. सपोर्टला लावलंत तर बिनशर्त पाठिंबा. माणसाला मात्र लावू नका. ‘अनक्वालिफाइड डॉक्टर’ म्हणजे सरळसरळ बोगस.

‘अनमिक्स्ड ब्लेसिंग’ (निर्भेळ सुख) ह्या शब्दप्रयोगाचीही एक खोड आहे. ते बहुतेकदा ‘नॉट’चा हात धरूनच येतं. २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. घाम वाचला, पण तिकीट साध्या लोकलच्या सेकंड क्लासपेक्षा कितीतरी महाग. अशा सुखाला इंग्रजीत ‘नॉट ॲन अनमिक्स्ड ब्लेसिंग’ म्हणतात. ‘नॉट’ गाळून लिहिलंत तर चूक नाही, पण कानाला खटकतं. ऑफिसच्या मेलमध्ये कौतुकच करायचं असेल तर मी सरळ ‘कम्प्लीट सक्सेस’ लिहिते; समोरचा काकांसारखा निघाला तर?