गच्चीवर विमानवाहू नौका कशी चालवावी

सामान: जेवायचा एक पाट, टेबलफॅन, रद्दीची विमानं, दोरा, बादली, टॉर्च आणि चार-पाच चपला. इंदूरला मे महिन्यात दुपारी गच्चीवर पाय भाजतात, म्हणून मी पोरांना ऊन उतरल्यावरच वर नेते.

गोष्ट अमेरिकन आरमारातल्या ॲडमिरल मार्क मिट्शर यांची. दुसऱ्या महायुद्धापासून सुरू करू नका. 1919 पासून करा. तोफांच्या जहाजांचा दिमाख होता तेव्हा हा माणूस विमानांच्या मागे लागला होता. अटलांटिक ओलांडायला निघालेलं त्यांचं एनसी-1 हे पाण्यावर उतरू शकणारं विमान अझोर्स बेटांजवळ धुक्यात पाण्यावर उतरलं ते पुन्हा उडालंच नाही. एका ग्रीक जहाजानं सगळ्यांना उचललं. एवढं सांगून थांबा. पुढे उपयोगी पडेल.

मग पाट. विमानाच्या नाकाला दोरा बांधून तो पाटाच्या पुढच्या कडेला अडकवा, समोरून पंखा लावा. विमान उचललं जातं. पाट फिरवून पाठीमागून वारा द्या, लोळतं. म्हणून विमानं सोडताना नौका वाऱ्याच्या तोंडावर न्यावी लागते.

आता पंखा पूर्वेला ठेवा, चपला पश्चिमेला. चपला म्हणजे जपानी आरमार. पाट हातात घेऊन विमानं सोडायला पोरं पंख्याकडे, म्हणजे शत्रूला पाठ करून चालतात. "अहो आजी, दुश्मन तर मागे आहे!" हे वाक्य आलं की तुमचं काम झालं. जून 1944 मध्ये फिलिपाइन समुद्रात हीच पंचाईत होती. 18 तारखेच्या रात्री मिट्शर यांनी पश्चिमेला सरकायची परवानगी मागितली. वरिष्ठ स्प्रुअन्स यांना सायपान बेटावर उतरलेल्या आपल्या सैन्याची राखण करायची होती, नाही म्हणाले. कोण बरोबर, यावर आमच्याकडे दोन भाऊ अजून भांडतात.

जपानशी झालेली, अमेरिकेनं जिंकलेली मिडवेची लढाई गाळू नका. 1942 मध्ये मिट्शर हॉर्नेट या विमानवाहू नौकेचे कप्तान होते. तिची टॉर्पेडोवाली 15 विमानं गेली ती सगळी पडली, 30 जणांतला एकच वाचला. नुसता विजय सांगितलात तर पोरांना ते खोटं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

अंधार पडला की पुन्हा 1944, 20 जून. दोनशेहून जास्त विमानं दुपार कलल्यावर जपानी आरमारावर निघाली आणि रात्री परतली, टाक्या रिकाम्या होत आलेल्या. पाणबुड्यांच्या भीतीनं जहाजं काळोखात. पोरांना जिन्यातून विमानं पाटावर टाकू द्या, एकही नीट पडणार नाही. मग मिट्शर यांचा हुकूम सांगा, दिवे लावा, आणि टॉर्च पेटवा. तरी सुमारे 80 विमानं समुद्रात पडली किंवा उतरताना मोडली. वैमानिक मात्र बहुतेक वाचले, पाण्यातून उचलून आणले. बादली सगळ्यात लहान पोराकडे द्यायची, खाली पडलेलं एकेक विमान त्यानं गोळा करायचं.

एनसी-1 ची आठवण इथे कुणीतरी आपणहून काढतं. तुम्ही काढू नका.

खाली उतरताना चपला मोजा. आमच्या शत्रूची एक डावी अजून शेजारच्या पत्र्यावर आहे.