फोटोत लाल, उजेडात निळे: अल्बिनिझम असलेल्या बाळाचे डोळे कसे समजून घ्यावेत

कोल्हापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे स्वतःच्या मुलीच्या बारशाचे फोटोही मीच काढले. रात्री कॉम्प्युटरवर उघडले, तर प्रत्येक फोटोत तिचे डोळे लाल. फ्लॅशने बाहुली लाल येते, हे मला काही नवं नव्हतं. इथे मात्र बाहुलीभोवतीचं बुबुळही तांबूस उजळलं होतं.

पाहुण्यांना अल्बम दाखवायचा होता म्हणून मी फोटोशॉपमध्ये ते डोळे तपकिरी करून टाकले. बायकोने पान उलटलं, जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कुणाची पोरगी?" ते पान मी त्याच दिवशी काढून टाकलं. मुलीला अल्बिनिझम आहे, म्हणजे जन्मापासूनच केस, कातडी आणि डोळ्यांत रंगद्रव्य फार कमी. आता ती चौथीत आहे. ज्यांच्या घरी असं बाळ नुकतंच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी रंग नीट बघायला शिका. बाळाला सकाळी खिडकीपाशी घ्या, ऊन थेट तोंडावर नको. फ्लॅश बंद, मोबाईलची बॅटरीही डोळ्यांत मारायची नाही. अशा मऊ उजेडात अल्बिनिझम असलेल्या बहुतेक मुलांचे डोळे फिकट निळे किंवा राखाडी दिसतात, काहींचे घारे, तर काहींचे चक्क तपकिरी. कायमचे लाल डोळे असतात ही ऐकीव गोष्ट आहे.

मग लाल येतं कुठून? लोडशेडिंगच्या रात्री बॅटरीवर तळहात ठेवला की बोटं लाल दिसायची, आठवतंय? तसंच हे. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. उजेड आत जातो, तिथून लाल होऊन परततो. बुबुळाच्या मागच्या बाजूला मेलॅनिन या रंगद्रव्याचा दाट थर असतो, तो एरवी हा उजेड अडवतो. म्हणून आपल्या फोटोत फार तर बाहुली लाल येते. अल्बिनिझममध्ये तो थर विरळ असतो किंवा नसतोच, आणि उजेड बुबुळातूनच बाहेर झिरपतो. जुन्या कॅमेऱ्याच्या भात्याला भोक पडलं की रीळ धुरकट व्हायचं. माझ्या मुलीला उन्हात काय होत असेल, ते मला त्या रिळावरून कळलं.

निळ्या रंगाचंही असंच आहे. डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन कमी असलं की आत शिरणारा उजेड विखुरतो आणि त्यातला निळा जास्त परत येतो. जोतिबाचा डोंगर लांबून निळसर दिसतो ना, साधारण तसं. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो, "घारे डोळे तर कोकणातल्या कितीतरी लोकांचे असतात, मग हिच्यात वेगळं काय?" वेगळं हे, की घाऱ्या किंवा निळ्या डोळ्यांच्या माणसाचा मागचा थर शाबूत असतो. पुढून रंग सारखा दिसला तरी त्याचा डोळा उजेड अडवतो, हिचा अडवत नाही.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवा. फक्त डोळ्यांवर परिणाम करणारा एक प्रकार आहे. त्यात कातडी आणि केस जवळपास घरच्यांसारखेच असतात, डोळेही तपकिरी असू शकतात. तो बहुतेक करून मुलग्यांत दिसतो आणि आईकडून येतो. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका.

रंगापेक्षा महत्त्वाचं म्हणजे डोळ्यांची हालचाल. आमची अडीच महिन्यांची असताना तिचे डोळे घड्याळाच्या लंबकासारखे डावी-उजवीकडे हलायला लागले. पहिल्या दवाखान्यात "मोठी झाली की डोळे काळे होतील" म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या ठिकाणी जाताना मी मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून नेला, चेहरा जवळून, खिडकीच्या उजेडात. त्याचा फार उपयोग झाला, कारण डॉक्टरांसमोर बाळ नेमकं झोपलं होतं. तुम्हीही तेच करा, आणि लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडेच जा. ते बारीक उजेडाचा झोत टाकून बुबुळातून तो बाहेर येतो का हे बघतात, आणि दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा आतला मागचा पडदाही तपासतात. अल्बिनिझममध्ये दृष्टिपटलाचा मधला, सगळ्यात बारीक दिसणारा भाग पूर्ण तयार झालेला नसतो. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाटणीही वेगळी असते. चष्म्याने नंबर दुरुस्त होतो, हे दोन्ही होत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर लेन्स बदलता येते, सेन्सर नाही. तरीही चष्मा द्याच, कारण नंबर बहुतेकांना असतो आणि जे दिसू शकतं ते तरी स्पष्ट दिसायला हवं.

तिथेच डॉक्टरांना हे आवर्जून सांगा: बाळाला सहज काळंनिळं पडतं का, नाकातून रक्त फार येतं का, सारखं आजारपण येतं का? अल्बिनिझमचे काही दुर्मीळ प्रकार रक्तस्रावाशी किंवा प्रतिकारशक्तीशी जोडलेले असतात. आणि फोटोग्राफर म्हणून एक सांगतो: फ्लॅशच्या फोटोत एकच बाहुली पांढरी चमकत असेल तर ती गोष्ट अगदी वेगळी आहे. त्यात एक दिवसही घालवू नका, मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते.

आता घरच्या माणसांचं. माझ्या बायकोला काय काय ऐकावं लागलं, ते सगळं इथे लिहवत नाही. ग्रहणात भाजी चिरली, केसराचं दूध जास्त प्यायली. कुणी याला कोड म्हणालं. कोड वेगळं, त्यात आधी असलेला रंग नंतर जातो. हे जन्मापासून असतं, आणि स्पर्शाने लागत नाही. केस आणि कातडीवर परिणाम करणाऱ्या प्रकारात जनुकाची एक सदोष प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते. दोघांचेही डोळे, केस काळे असू शकतात. दोघांकडे अशी एकेक प्रत असेल तर प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे, आमच्याकडे असं लग्न सर्रास होतं, आणि नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. हे मी आईसमोर बसून सांगितलं: "अर्धं माझ्याकडून आलंय." त्यानंतर घरात केसराचा विषय निघाला नाही. बापांनो, हे वाक्य तुम्हीच बोला. तिला बोलावं लागू देऊ नका.

शाळेत मान सरळ करण्यावरून त्रास होतो. आमची फळ्याकडे बघताना मान डावीकडे वळवते. एका शाळेत बाईंनी दोन्ही हातांनी तिची मान सरळ केली, आणि तिला फळा दिसेनासा झाला. त्या मुलांना एक कोन सापडलेला असतो, जिथे डोळे सगळ्यात कमी हलतात. तो कोन त्यांच्याकडून काढून घ्यायचा नाही, बसायची जागा बदलायची. मान डावीकडे वळते म्हणजे नजर उजव्या कोपऱ्यात स्थिरावते. अशा मुलीला फळ्याकडे तोंड केल्यावर डाव्या हाताच्या रांगेत पहिल्या बाकावर बसवा, फळा आपोआप तिच्या उजवीकडे येतो. मान उजवीकडे वळत असेल तर उलट. खिडकी पाठीमागे हवी. पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर वाचू द्या, त्याने डोळे बिघडत नाहीत. आमची आता फळ्याचा फोटो काढून बोटांनी मोठा करते, आणि मी तिला धडे मोठ्या टायपात छापून देतो.

चष्मा लावूनही दृष्टी फार कमी राहत असेल तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागलं तर परीक्षेत जादा वेळ मिळतो.

उन्हाचं थोडक्यात: रुंद कडेची टोपी, पूर्ण बाह्या, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कातडीवर न भरणारी जखम दिसली की डॉक्टर. घरात फार काळा गॉगल नको, आधीच कमी दिसतंय त्यात अंधार होतो.

आणि फोटो. फ्लॅश बंद. ओसरीवर किंवा झाडाच्या दाट सावलीत उभं करा, आकाश तुमच्या पाठीमागे. डोळे हलतात म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा जलद ठेवा. तिला "इकडे बघ, मान सरळ" म्हणू नका, तिच्या कोनावर तुम्ही सरकून जा. चौथीच्या ओळखपत्राचा फोटो मी असाच काढला. डोळे फिकट राखाडी आलेत, कडेला जरासे निळे, आणि मी त्यांना हात लावलेला नाही.