स्पॅनिशमधली तिरकी रेघ आणि नामाचं लिंग कसं शिकावं

स्पॅनिश शब्दातल्या एखाद्या स्वरावर छोटी तिरकी रेघ दिसली, की मराठी वाचक तो स्वर दीर्घ उच्चारतो. रेघेचं काम वेगळं आहे: जोर कुठे द्यायचा, हे ती दाखवते. 'आब्लो'तल्या 'आ'वर जोर दिला तर अर्थ 'मी बोलतो'. 'ब्लो'वर जोर आणि रेघ आली, की 'तो बोलला'.

आधी शब्द मोठ्याने म्हणून जोराचं अक्षर, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा स्वरासहितचा तुकडा, ओळखा. मग लेखनातला शेवटचा वर्ण पाहा. तो स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर अपेक्षित. इतर व्यंजन असेल तर शेवटच्या. उच्चार या अपेक्षेला धरून असेल तर बहुधा रेघ लागत नाही. मोडत असेल तर जोराच्या स्वरावर ती द्या. 'पापेल' म्हणजे कागद: शेवटी एल, जोरही शेवटी, रेघ नाही. 'आर्बोल' म्हणजे झाड: शेवटी एलच, पण जोर 'आ'वर, म्हणून तिथे रेघ. 'तेलेफोनो', 'मुसिका' यांसारखा जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर असेल तर रेघ हवीच.

अनेकवचन करताना हा हिशेब पुन्हा मांडा, इथे हमखास चूक होते. 'कान्सिओन' म्हणजे गाणं, त्यावर रेघ आहे. 'कान्सिओनेस'वर नाही, कारण अक्षर वाढल्यावर जोर आपोआप नियमात बसतो. 'होबेन' म्हणजे तरुण, तिथे उलट: रेघ अनेकवचनातच येते.

विशेषण नामाप्रमाणे बदलतं, हे मराठी जिभेला नवं नाही. घात होतो तो मराठी लिंग सोबत नेल्याने. समस्या स्त्रीलिंगी, 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी. हात पुल्लिंगी, 'मानो' स्त्रीलिंगी. नपुंसकलिंगी नामं तिथे नाहीतच, म्हणून दूध 'ला लेचे' आणि पुस्तक 'एल लिब्रो' होतं. 'ला' आणि 'एल' ही उपपदं, म्हणजे नामाआधी येणारे छोटे शब्द: 'ला' स्त्रीलिंगी, 'एल' पुल्लिंगी. 'ओ'कारान्त नाम बहुधा पुल्लिंगी, 'आ'कारान्त बहुधा स्त्रीलिंगी. 'सिओन' आणि 'दाद' हे शेवट स्त्रीलिंगी. ग्रीकमधून आलेले 'तेमा', 'सिस्तेमा', 'इदिओमा' मात्र पुल्लिंगी.

वहीत नुसतं नाम लिहू नका. उपपद आणि लिंगाप्रमाणे बदलणारं एक विशेषण जोडा: 'एल मापा नुएवो' म्हणजे नवा नकाशा, 'ला मानो पेकेन्या' म्हणजे लहान हात. विशेषण का लागतं, ते 'एल आग्वा फ्रिआ', म्हणजे थंड पाणी, यात कळतं. उपपद पुल्लिंगी दिसतं, तरी 'आग्वा' स्त्रीलिंगीच आहे. जोराच्या 'आ'ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी एकवचनी नामाला लागून सहसा 'ला'ऐवजी 'एल' येतं. अनेकवचनात 'लास आग्वास'च. 'आमिगा'त, म्हणजे मैत्रिणीत, जोर 'मि'वर आहे, म्हणून 'ला आमिगा'.