लवकर जन्मलेल्या बाळाचं वय कसं मोजावं

मी तासगाव तालुक्यात आशा म्हणून घरोघर फिरते. "ताई, सहा महिन्याचा झाला, अजून पालथा पडंना," हे मी इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद ठेवणं सोडून दिलं. मागोमाग शेजारणींचे सल्ले येतात. तेल बदला, गाईचं दूध चालू करा, दृष्ट काढा. अहो, आधी वय तरी नीट मोजा.

३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला दोन वयं असतात. एक जन्मतारखेपासूनचं. दुसरं बाळंतपणाच्या दिलेल्या तारखेपासूनचं, डॉक्टर ज्याला करेक्टेड एज म्हणतात ते. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, तो जवळपास ४० आठवड्यांचाच हिशेब. बाळ हसतंय का, मान धरतंय का, बसतंय का, हे दोन वर्षांपर्यंत दुसऱ्या वयावरच बघायचं.

हे वय काढायला महिन्यांची वजाबाकी करत बसू नका. घरात "सातव्यात झालं" एवढंच सांगतात. सातवा लागला होता की सरला होता, असं विचारलं की आजी एक सांगते आणि आई दुसरं. तिथंच चार आठवडे इकडचे तिकडे होतात. रेशनकार्डाच्या पिशवीतली फाइल काढा, तारीख शोधा आणि त्या तारखेपासून पुढं मोजा. बस्स.

पण तारीख कुठली? मी फसले ते इथंच. प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर एक तारीख छापलेली असते आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. धरायची ती पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून डॉक्टरांनी ठरवलेली. तेव्हा सगळ्या बाळांची वाढ जवळपास सारखी असते, म्हणून अंदाज पक्का येतो. पुढं कुणी भरतं, कुणी बारीक राहतं. आठव्या महिन्यात बारीक बाळ मशीनला आहे त्यापेक्षा लहान वाटतं आणि तारीख पुढं सरकते.

मी नवी असताना एक लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिल्या महिन्यांचे कागद सासरी, जतला राहिलेले. माझ्या हातात फक्त शेवटचा रिपोर्ट. त्यावरची तारीख मी निळ्या पेननं बाळाच्या कार्डावर लिहिली आणि त्याला तीन आठवड्यांची जादा सवलत देऊन बसले. त्याची डावी मूठ उघडत नव्हती. उजवी उघडायची, पदर धरायची. डावीचा अंगठा आतच. आईनं दोनदा दाखवलं आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, "थांब गं, अजून त्याचं वय झालं नाही." पुढं सांगलीला डॉक्टरांनी हात बघितला आणि त्याच दिवशी व्यायाम चालू केले. जतचे कागद नंतर आले.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पहिला कागद बघितल्याशिवाय मी तारीख लिहीत नाही, मग त्यासाठी सासरी फोन करावा लागला तरी चालेल. आणि एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी वागत असेल, अंग ताठ किंवा फारच ढिलं वाटत असेल, किंवा येत असलेली गोष्ट बाळ विसरलं असेल, तर वय मोजतच नाही. सरळ बालरोगतज्ज्ञांकडं. अंगणवाडीत तपासणीचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्याचीही वाट बघायची नाही.

आता हिशेब बघा. दिलेली तारीख ९ मार्च, बाळ जन्मलं १२ जानेवारीला. म्हणजे ५६ दिवस, आठ आठवडे आधी. १२ जुलैला घरचे सहा महिने म्हणतील, पण आपल्या हिशेबानं चार महिने तीन दिवस. पालथं पडत नसेल तर रडायचं कारण नाही. मान मात्र धरायला हवी.

या वयानं दोन महिन्यांच्या आसपास आपल्याकडं बघून हसणं, चौथा सरेपर्यंत मान धरणं, नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसणं, अठराव्यापर्यंत चालणं. यापलीकडं गेलं तर दाखवा. "लवकर झालंय, होईल सावकाश," हा सल्ला मला तेल बदलण्याइतकाच खोटा वाटतो. वॉकर आणू नका, त्यानं चालणं लवकर येत नाही. उष्टावणाचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवा.

लसींना मात्र ही सवलत नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस जन्मतारखेवरच. "लवकर झालंय म्हणून दोन महिन्यांनी देऊ," म्हणणारी शहाणी माणसं मला दर वर्षी भेटतात. डोळ्याच्या पडद्याची तपासणीही जन्मापासूनच मोजायची. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर ३० दिवसांच्या आत, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. घरी सोडताना डिस्चार्जच्या कागदावर ती तारीख लिहून घेतल्याशिवाय रिक्षात बसू नका.