लग्न आणि पोर्ट्रेटसाठी कॅमेरा घेताना: पैसे आधी कुठे घालायचे

मंगलाष्टकांचं शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट निघतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि हार घातले जातात. हे सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकतं. लग्नाच्या कामाचं साहित्य निवडताना त्या अर्ध्या मिनिटापासून मागे मोजत यावं: तेव्हा काय बंद पडू शकतं, काय अपुरं पडतं? असा हिशेब केला की दुकानात सगळ्यात आधी दाखवलं जातं ते यादीत खाली सरकतं. दोन कार्डांची बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), तिच्या जोडीला दुसरी बॉडी, एफ/२.८ लेन्स (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त) आणि धड फ्लॅश, हा क्रम. मेगापिक्सेल शेवटी.

बॉडी

दोन कार्ड-स्लॉट ही पहिली अट, आणि तिच्यात तडजोड नको. कार्ड खराब होण्याआधी सूचना देत नाही. पण नुसते दोन स्लॉट असून भागत नाही. मेनूत दुसऱ्या स्लॉटचं काम ‘बॅकअप’ असं निवडावं लागतं. तिथे ‘ओव्हरफ्लो’ राहिलं तर पहिलं कार्ड भरेपर्यंत दुसरं रिकामंच बसतं. ही चूक सर्रास होते.

निकॉन झेड ५ आणि झेड ६ मार्क २, कॅनन आर६ आणि आर६ मार्क २, सोनी ए७ मार्क ३ आणि मार्क ४ या बॉड्या या अटीत बसतात. निकॉनची पहिली झेड ६ (२०१८) मात्र एकाच स्लॉटची आहे. कॅनन आर८ (२०२३) हलकी आणि चित्राच्या दर्जात उत्तम, पण एकच कार्ड, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही आणि बॅटरी छोटी. पोर्ट्रेटला खुशाल वापरा. मुहूर्ताला तिच्या एकटीच्या भरवशावर उभं राहू नका.

मेगापिक्सेलचं गणित साधं आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. अल्बमचं १२ बाय १८ इंची पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल मागतं, म्हणजे पान भरून वर थोडं उरतं. १२ बाय ३६ च्या अख्ख्या जोडपानावर तोच फोटो पसरला तर १६६ डीपीआय मिळतात, आणि अल्बम मांडीवर घेऊन बघणाऱ्याला तेवढे पुरतात. ४५ मेगापिक्सेलमुळे खरी वाढ होते ती हार्डडिस्कच्या खर्चात.

दुसरी बॉडी पहिलीच्याच घरातली घ्या: माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) तोच, बॅटरी तीच, कार्ड तेच. ए७ मार्क ३ आणि मार्क ४ एकाच एनपी-एफझेड१०० बॅटरीवर चालतात. आर६ मार्क २ च्या जोडीला आर८ घेतली तर बॅटऱ्या आणि चार्जर दोन प्रकारचे होतात आणि गडबडीत नेमका चुकीचा पिशवीतून निघतो. दोन्ही बॉड्यांची घड्याळं आदल्या रात्री सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर संगणकावर सप्तपदी कन्यादानाच्या आधी येते.

बजेट अगदीच कमी असेल तर जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) लाजिरवाणा नाही. निकॉन डी७५० (२०१४) फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) आहे, २४ मेगापिक्सेलचा आहे आणि त्यात दोन एसडी स्लॉट आहेत. कॅनन ५डी मार्क ३ (२०१२) सुद्धा चालतो, फक्त त्याचा एसडी स्लॉट संथ आहे. दोन्ही कार्डांवर एकदम लिहायला लावलं की सलग फोटो काढताना कॅमेरा थबकतो.

लेन्स

मंगल कार्यालयाच्या स्टेजवर वधूवर, भटजी, दोन्ही मामा, करवल्या आणि व्हिडिओवाला एवढी गर्दी असते. मागे सरकायला तीन पावलंही मिळत नाहीत. म्हणून मुहूर्ताच्या बॉडीवर २४-७० मिमी एफ/२.८ झूम (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद) हवीच. सोनीवाल्यांना टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ स्वस्तात आणि हलकी पडते. फक्त २४ आणि २८ मधला फरक स्टेजवर कळतो, तेवढं लक्षात ठेवा.

एफ/२.८ च का? ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये या छिद्राला १/२०० सेकंदासाठी साधारण आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० लागतो. बॉडीसोबत मिळणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ ला जाते, म्हणजे दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) गेले आणि आयएसओ १२८०० झाला. वधूच्या चेहऱ्यावर दाणे दिसू लागतात ते इथे. बॉडी बदलून जेवढं मिळत नाही तेवढं इथे लेन्स बदलून मिळतं.

दुसऱ्या बॉडीवर ८५ एफ/१.८. पोर्ट्रेटचं निम्मं काम हीच करते. एफ/१.४ साठी दुप्पट-तिप्पट पैसे घालण्याआधी एवढं बघा: फुलफ्रेमवर ८५ मिमी, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर, यात स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम ६ सेंटीमीटरची असते. एकट्या चेहऱ्याला ती पुरते. जोडप्यात एक जण अर्धं पाऊल मागे असला की त्याचे डोळे गेले. जोडप्याला एफ/४ वर या. छिद्र एवढं बंद केल्यावर १.४ आणि १.८ मध्ये पाहणाऱ्याला फरक सांगता येणार नाही.

नथ, मेंदी, अंगठ्या मात्र या लेन्सने होत नाहीत. ८५ एफ/१.८ प्रकारच्या लेन्स साधारण ८० सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाहीत. कॅननवाल्यांसाठी आरएफ ८५ एफ/२ मॅक्रो एकाच किमतीत दोन्ही कामं करते, पण तिचा फोकस संथ आहे. बाकीच्यांनी एक साधी एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मधे लावायची, जवळून फोकस करू देणारी नळी) पिशवीत टाकावी.

७०-२०० एफ/२.८ मोठ्या लॉनवर आणि वरातीत उपयोगी, पण जड आणि महाग. पहिला एक हंगाम ती भाड्याने घ्या. महिन्याला किती दिवस लागते हे मोजून मगच विकत घ्यायचं ठरवा.

फ्लॅश आणि फसवे दिवे

लोक फ्लॅशवर कंजुषी करतात आणि बॉडीवर उधळतात. गोडॉक्स व्ही१ किंवा व्ही८६० मार्क ३ सारखा लिथियम बॅटरीचा फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण दीड सेकंदात पुन्हा तयार होतो. पेन्सिल सेलवरच्या फ्लॅशला सेल उतरत गेले की पाच-सहा सेकंद लागतात, आणि हार घालतानाचा फोटो काळा येतो. पेन्सिल सेल वापरायचेच असतील तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे घ्या.

कार्यालयाचं छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर तिथून उजेड परतवा. मांडवाचं लाल-पिवळं कापड डोक्यावर असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो आणि एडिटिंगमध्ये धड निघत नाही. अशा ठिकाणी स्टँडवर छत्री लावून दुसरा फ्लॅश आणि कॅमेऱ्यावर ट्रिगर (तो फ्लॅश दुरून उडवणारं यंत्र) ठेवा. ट्रिगरला चॅनलबरोबर आयडी क्रमांकही द्या. शेजारच्या हॉलमध्येही त्याच कंपनीचा ट्रिगर असला तर तुमचा फ्लॅश त्यांच्या बोटावर उडतो.

भर दुपारच्या प्री-वेडिंगला छोटा फ्लॅश कमी पडतो. आयएसओ १०० ला उन्हाचं एक्स्पोजर १/२०० वर एफ/११ च्या आसपास येतं. एफ/२.८ हवं तर शटर १/३२०० वर जातं. तिथे हाय-स्पीड सिंक (एवढ्या वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) लागतं आणि त्यात फ्लॅशची बरीच ताकद वाया जाते. अशा कामाला एडी२०० सारखा २०० वॅट-सेकंदांचा दिवा घ्या आणि सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून एक-दीड मीटरवर ठेवा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई उरतो.

एलईडीच्या उजेडात फोटोवर उमटणारे पट्टे हा अलीकडचा त्रास. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यात १/५० किंवा १/१०० शटर सुरक्षित. त्याहून वेगात जायचं असेल तर अँटी-फ्लिकर (दिवा उजळ असतानाच शटर उघडणारी सोय) चालू करा. होमाच्या वेळी आवाज नको म्हणून लोक इलेक्ट्रॉनिक शटर लावतात. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर ठेवा. सनईपुढे तो ऐकू येत नाही. स्टेजमागची एलईडी भिंत याहून कितीतरी वेगाने लुकलुकते, तिच्यावर अँटी-फ्लिकरचा उपाय चालेलच असं नाही. विधी सुरू होण्याआधी दोन-तीन शटरस्पीडवर चाचणी घ्या.

मुहूर्ताची सेटिंग आधीच एका कस्टम बटणावर जतन करा. उडत्या अक्षतांवर फोकस धावू नये म्हणून ट्रॅकिंगची संवेदनशीलता ‘लॉक्ड ऑन’च्या बाजूला. पांढऱ्या अंतरपाटाने कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरे काळवंडतात, म्हणून ऑटोवर असाल तर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप अधिक.

कार्डं

६४ जीबीची चार, १२८ ची दोन नकोत. कॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली, थोडी दाबलेली फाइल) साधारण ३० एमबीची धरली तर ६४ जीबीत दोन हजारांच्या आसपास फोटो बसतात. फोटोसाठी व्ही६० पुरेसं आहे, म्हणजे सेकंदाला किमान ६० एमबी सलग लिहिण्याची हमी. नवं कार्ड आणलं की संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून वाचून बघा. नकली कार्ड पहिले काही जीबी इमानदारीत लिहितं, फसवतं नंतर.

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जा किंवा कुणा फोटोग्राफरकडून घ्या, तपासणी तीच. अर्धा तास मागून घ्या.

शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा) बघा. डी७५० आणि ५डी मार्क ३ ची शटरं दीड लाखासाठी, ए७ मार्क ३ चं दोन लाखांसाठी जाहीर झालेली आहेत. एक लाख वीस हजार झालेल्या डी७५० च्या किमतीतून शटर बदलण्याचा खर्च वजा करूनच बोला. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. धुळीचे ठिपके साफ होतात, ओरखडा होत नाही. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून लिहून बघा, हॉटशूवर (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) फ्लॅश उडवून बघा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, घेऊ नका. कोटिंगवर तिने खाल्लेलं भरून येत नाही. बिल नसेल तर सिरियल नंबर बॉडीवर आणि डब्यावर जुळतो का बघा.

बुरशीवरून पावसाळा आला. कोकणात किंवा मुंबईत साहित्य बंद बॅगेत ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, सिलिका जेल आणि पाचशे रुपयांच्या आतला हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा). जेलचे दाणे रंग बदलले की वाळवून परत घाला.

हळदीला लेन्स बदलू नका. आधीच ठरवून एका बॉडीवर झूम, दुसरीवर ८५, दोन्हींवर साधे यूव्ही फिल्टर. कार्यक्रम संपल्यावर पूड आधी ब्लोअरने उडवा, मग ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. आधीच ओलं कापड फिरवलं तर हळद झूमच्या रिंगखाली जाऊन बसते आणि तिथून ती काढायला लेन्स उघडावी लागते.