सहावी ते आठवीवर नेमणूक झालीय? मग एनएमएमएस शिष्यवृत्तीचं हे आधी वाचून घ्या

टीईटीचा म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर दोन, अभियोग्यता चाचणी, भरतीचं पवित्र पोर्टल हे सगळं पार करून तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत विषय शिक्षक म्हणून रुजू झालात, म्हणजे प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना 16,000 रुपये मानधन, आणि पारावर बसलेली मंडळी म्हणणार, "सर, तुम्हाला काय, सरकारी पगार!" हसायचं आणि पुढे जायचं.

मी बीड जिल्ह्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात शिकवतो. तुमच्याकडे कोयत्याला जाणारी माणसं नसतील, तर तेवढा भाग वगळून वाचा.

शिकवण्याबद्दल फार लिहीत नाही. सातवी-आठवीला आकारिकचे (वर्गातल्या रोजच्या कामाचे) 40 आणि संकलितचे (सत्राच्या परीक्षेचे) 60 गुण, नोंदी कशा करायच्या हे शेजारच्या वर्गातल्या बाई तुम्हाला प्रशिक्षणापेक्षा बरं सांगतील. आठवीच्या निम्म्या वर्गाला भागाकार जमत नाही हे पहिल्या आठवड्यात कळेल. घाबरू नका. रोज शेवटच्या तासाला तेवढंच घेतलं तर दिवाळीपर्यंत बरीच पोरं सुटतात. हे मी पाहिलंय.

मला लिहायचंय ते एनएमएमएसबद्दल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांना मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीबद्दल. आठवीची परीक्षा, साधारण डिसेंबरात होते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं, सातवीला 55 टक्के हवेत. एससी, एसटीच्या मुलांना 5 टक्क्यांची सूट. बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 प्रश्न, शालेय क्षमता चाचणीचे 90, प्रत्येकाला 90 मिनिटं. शालेयमध्ये विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित फक्त 20. म्हणून ज्याचं गणित कच्चं आहे त्या पोराला फॉर्म भरू नको म्हणणाऱ्या शिक्षकाचा मला राग येतो. निवड झाली की वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी. चार वर्षांचे 48,000.

तयारीबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या उत्तरांसकटच्या पीडीएफ मुलांच्या हाती देऊ नका. पोरं पर्याय पाठ करतात आणि संख्यामालिकेतला एक आकडा बदलला की गार पडतात. परीक्षा परिषदेच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढा, परिपाठ संपल्यावर दहा मिनिटं एका पोराला फळ्यावर प्रश्न लिहू द्या आणि बाकीच्यांनी "हेच उत्तर का?" म्हणून त्याला छळायचं. या सरावाला सातवीच्या मुलांनाही बसवा. तालुक्याला "शंभर टक्के निकाल" म्हणत व्याख्यानं देत हिंडणाऱ्या मार्गदर्शकांपेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचं आहे.

आता खरा खड्डा. आमच्या शाळेतली एक मुलगी निवड यादीत आली. गावाने मिरवलं, 15 ऑगस्टला ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ दिलं. तिच्या खात्यात रुपया जमा झाला नाही.

असं का होतं, हे नीट समजून घ्या. कारण तुम्हाला हे कोणी सांगणार नाही, केंद्रप्रमुखसुद्धा नाहीत. त्यांचं काम "किती बसले, किती लागले" हा तक्ता वर पाठवला की संपतं. परीक्षा आठवीत, तुमच्या शाळेत. पण शिष्यवृत्तीचा अर्ज नववीत, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, नव्या शाळेच्या नावाने भरायचा असतो. आपली शाळा आठवीला संपते. पोरगी तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलला जाते, तिथे एकेका तुकडीत साठ-सत्तर मुलं, आणि ही यादीत आहे हे तिथल्या कुणालाच माहीत नसतं. आपल्याला वाटतं हायस्कूल बघेल, हायस्कूलला वाटतं मूळ शाळेने केलं असेल. अर्ज भरला तरी त्या शाळेतून पडताळणी व्हावी लागते, मग जिल्ह्यातून. मधे कुठेही अडकला की त्या वर्षाचे पैसे गेले. आणि नववीला विनाअनुदानित खासगी शाळेत नाव घातलं तर हक्कच जातो, हे पालकांना आठवीच्या मार्चमध्येच सांगा. इंग्रजी शाळेची गाडी दारात यायला लागली की मग कोणी ऐकत नाही.

दुसरी अडचण नावाची. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला बापाचं नाव बाळासाहेब, आधारवर बाळू. मुलीच्या इंग्रजी नावाच्या शेवटी एकीकडे आय, दुसरीकडे वाय. पासबुकावर तिसराच प्रकार. पोर्टलला यातलं काही चालत नाही. रजिस्टर बदलायला वरच्या कार्यालयाची परवानगी लागते, फायली फिरतात. त्यामानाने आधार दुरुस्त करणं सोपं. म्हणून रजिस्टरप्रमाणे आधार, आधारप्रमाणे खातं, या क्रमाने चला, उलटं नको. सातवीला सुरुवात करा. आठवीत वेळ पुरत नाही.

खात्याबद्दलही एक. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं, सुरू झाली असं नाही. खातं थेट लाभासाठी आधारशी जोडलंय का, हे काउंटरवर वेगळं विचारावं लागतं. बापाने मधल्या काळात दुसरीकडे मुलीचं खातं काढून तिथे जोडणी केली असेल तर पैसे तिकडेच जातात. दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं असतं ते निराळंच.

आणि हे सगळं दसऱ्याच्या आत. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक येतो, आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पालकाची सही, ओटीपी येतो तो मोबाईल, सगळं त्यांच्याबरोबर फडात. पोर्टलला मुदतवाढ मिळते हे खरं, पण ती मिळेपर्यंत सही करणारा माणूस गावात नसतो.

ती मुलगी नववीच्या दिवाळीनंतर आईबापाबरोबर गेली. पैसे वेळेवर आले असते तर थांबली असती का, मला सांगता येणार नाही.

घाबरवायचा हेतू नाही. हे काम एकट्याने ओढायचं नसतं, त्यासाठीच शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्याने त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. नवे शिक्षक समितीकडे सह्यांपुरते बघतात, ती चूक करू नका. समितीतली जी आजी हंगामातही गावातच राहते, तिला गाठा. आमच्याकडे, आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं जिथे राहतात त्या हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर अशाच एका आजीचं लक्ष असतं, आणि कुणाचं पोरगं कोणत्या दिवशी फडावर न्यायचं ठरलंय ही बातमी तिच्याकडे आमच्या आधी पोचते. ती बापाला जे सुनावते ते आपण बोलू शकत नाही. परसबाग, स्नेहसंमेलन, लोकवर्गणीतून टीव्ही ही कामं जरूर करा, त्यातूनच ही माणसं ओळखीची होतात.

तर जून उजाडला की निवड झालेल्या मुलांची यादी, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला असा एक गठ्ठा घ्या आणि स्वतः हायस्कूलला जा. मुख्याध्यापकांना भेटा, पण कागद द्या शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या शिक्षकाकडे नाहीतर क्लार्ककडे, पोच घ्या, त्यांचा नंबर घ्या. मुलींना एसटीचा पास मोफत असतो, तेवढंही तिथेच विचारून या. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, अकरावीला चालू राहायला दहावीत 60 टक्के लागतात. म्हणून तो नंबर बारावीपर्यंत जपून ठेवा, आणि क्लार्कची बदली झाली की नव्याचा घ्या.