पेलेट स्टोव्हची सफाई : न दिसणारी राख कशी काढावी

पेलेट स्टोव्ह म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्यांवर (पेलेटवर) चालणारी, घर तापवणारी शेगडी. तिच्या सफाईबद्दलचे बहुतेक सल्ले काच चकचकीत कशी करावी इथेच घुटमळतात. काच काळवंडली तर फार काही बिघडत नाही, पण ज्वाला लांबट, नारिंगी आणि सुस्त दिसू लागली की राख आत कुठेतरी तुंबली आहे असे समजावे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंडसारख्या भागात थंडीचे कित्येक महिने स्टोव्ह जवळजवळ अखंड पेटता असतो. तिथे ही वेळ प्रत्येक घरावर येते, आणि तिच्यावरचे बरेचसे उपाय तळघरातल्या अडगळीतून किंवा हार्डवेअरच्या दुकानातल्या किरकोळ वस्तूंतून साधतात.

नेहमीचे काम थोडक्यात उरकते. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर बर्न पॉट (पेलेट जळतात ते भांडे) बाहेर काढावा, तळाला चिकटलेला राखेचा कडक खडा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा, हवेची भोके मोकळी करावीत आणि राखेचा ट्रे रिकामा करावा. काचेसाठी वर्तमानपत्राचा ओला बोळा त्याच राखेत बुडवून फिरवला तरी पुरे. चुलीच्या राखेने भांडी घासलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

राख ओढण्यासाठी मात्र घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. ही राख इतकी बारीक असते की साध्या पिशवीतून आरपार जाऊन ती पुन्हा खोलीभर पसरते. शिवाय राखेखाली दडलेला निखारा बराच काळ, कधीकधी दिवसांच्या हिशेबात, जिवंत राहतो आणि व्हॅक्यूमच्या वाऱ्याने फुलतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे घट्ट झाकणाची पत्र्याची बादली. झाकणाला दोन भोके पाडून त्यांत धातूचे दोन कोपरे (नळीचे वाकडे जोड) बसवावेत, एकाला स्टोव्हकडची नळी आणि दुसऱ्याला बारीक धुळीचा फिल्टर असलेला व्हॅक्यूम जोडावा. बादलीत शिरताच हवेचा वेग घटतो आणि बरीचशी राख तिथेच बसते, त्यामुळे फिल्टर लवकर तुंबत नाही. प्लॅस्टिकची बादली इथे चालणार नाही, आणि पत्र्याची आहे म्हणून गरम राख ओढण्याची मुभाही मिळत नाही.

आता खऱ्या अवघड जागेकडे वळू. मला सर्वांत जास्त छळले ते याच टप्प्याने. स्टोव्हमधला पंखा धूर बाहेर ओढतो आणि त्या ओढीमुळेच जळण्यासाठी लागणारी ताजी हवा आत येते. धुराचा मार्ग जिथे वळतो किंवा रुंदावतो तिथे त्याचा वेग मंदावतो आणि उडती राख खाली बसते. म्हणजेच ती आतल्या भिंतीमागे, दोन्ही बाजूंच्या राखेच्या कप्प्यांत, पंख्याच्या आवरणात आणि बाहेरच्या नळीच्या टी-जोडाच्या तळाशी साचते. समोरून यातले काहीच दिसत नाही, म्हणून लोक बर्न पॉट पुन्हा पुन्हा घासत बसतात आणि ज्वाला मात्र सुस्तच राहते.

कप्प्यांची झाकणे उघडल्यावर व्हॅक्यूमचे जाड तोंड आत जात नाही. त्यासाठी अर्धा इंच व्यासाची, हातभर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्यावी, तिचे एक टोक तिरके कापावे आणि दुसरे टोक चिकटपट्टीने व्हॅक्यूमच्या नळीला बसवावे. तिरक्या टोकामुळे ती पत्र्याला चिकटून बंद होत नाही, आणि पारदर्शक असल्याने राख येणे कधी थांबले ते कळते. अरुंद नळीमुळे मोटारीला हवा कमी मिळते, तेव्हा मध्ये मध्ये थांबावे.

तरीही भिंतीमागची राख उरतेच. ती ओढण्यासाठी लीफ ब्लोअरच्या (अंगणातली पाने उडवणाऱ्या किंवा ओढून घेणाऱ्या यंत्राच्या) शोषक बाजूइतके परिणामकारक साधन मी दुसरे पाहिलेले नाही. तो विजेवर चालणारा आणि वेग कमी-जास्त करता येणारा असावा. त्याची पिशवी काढून ठेवावी आणि शोषक तोंड रबरी कपलिंगने धुराच्या नळीच्या बाहेरच्या टोकाला जोडावे. ही नळी साधारण ३ किंवा ४ इंचांची असते. आधी स्टोव्ह रात्रभर थंड झालेला, प्लग काढलेला आणि दिसणारी सगळी राख उपसलेली असली पाहिजे. एखादा निखारा ब्लोअरमध्ये गेला तर प्लॅस्टिक वितळायला वेळ लागत नाही. हवेचा दाब मोजणाऱ्या स्विचची बारीक रबरी नळीही स्विचपासून सोडवावी, कारण एवढ्या ओढीने त्याचा पडदा खराब होऊ शकतो. नंतर ती आठवणीने परत लावावी, नाहीतर ऑगर, म्हणजे पेलेट पुरवणारा फिरता स्क्रू, ते पुढे ढकलणारच नाही.

एकाने बाहेर ब्लोअर मंद वेगाने चालवावा, तेही थोडा थोडा वेळ, म्हणजे आतला पंखा बेफाम फिरणार नाही. दुसऱ्याने एन-९५ मास्क लावून आत स्टोव्हचे दार उघडावे, उष्णतेच्या नळ्यांवर ब्रश फिरवावा आणि मागच्या लोखंडी भिंतीवर रबरी हातोडीने ठोकावे. शोभेच्या विटांचे पॅनेल आधीच काढून ठेवावे, ते ठोक्याने तडकते. बाहेर उठणारा राखाडी लोट विरळ झाला की काम झाले. वारा शेजाऱ्याच्या गाडीकडे वाहत असेल तर हा बेत दुसऱ्या दिवसावर टाकावा. आणि कुणी कितीही सांगितले तरी ब्लोअर फुंकण्याच्या बाजूने लावू नये, कारण मग तीच राख दिवाणखान्यात येते.

धुराच्या नळीत ब्रश फिरवून टी-जोडाचे खालचे झाकण रिकामे करावे. ४० पौंडांचे पोते ओतताना पेलेट ३ मिलिमीटरच्या जाळीवरून घरंगळू द्यावेत, म्हणजे भुसा हॉपरमध्ये (पेलेट साठवण्याच्या टाकीत) जाणार नाही. दाराच्या गॅस्केटमध्ये (दार हवाबंद करणाऱ्या कडेच्या दोरात) कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहावी. ती सहज सुटली तर दोर बदलावा. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर आणि लाकडी ओट्यापासून दूर ठेवावी. पूर्ण थंड झाल्यावर ती बागेत चालते, पण ब्लूबेरीच्या मुळाशी नको, कारण त्या झुडपाला आम्लधर्मी माती लागते. उन्हाळ्यापूर्वी हॉपर आणि ऑगर दोन्ही रिकामे करावेत. दमट हवेत पेलेट फुगून त्यांचा भुसा होतो आणि तो ऑगरमध्ये घट्ट बसतो.